रोजच्या वाटेवरचा निसर्ग, छायाचित्र आणि कृतज्ञता

छायाचित्रण हा पैसेवाल्यांचा छंद आहे, असा समज आपल्या समाजात बरीच वर्षे होता आणि तो खोटाही नव्हता. रोलचा कॅमेरा महाग, छत्तीस फोटोंचा रोल महाग आणि तो धुऊन छापून घेणे त्याहून महाग. त्यामुळे आपल्या घरांतले जुने फोटो मोजकेच आहेत. एखाद्या लग्नातला, एखादा नोकरी लागल्यावर स्टुडिओत बसून काढलेला, एखादा चैत्यभूमीला गेलो तेव्हाचा. घरामागचा डोंगर, दारातला पऱ्ह्या, आजी ज्या पायवाटेने मोळी घेऊन यायची ती वाट, यांचे फोटो आपल्या घरांत जवळजवळ नाहीत. त्या गोष्टींवर रोल खर्च करावा असे कुणाला वाटले नाही आणि वाटले असते तरी परवडले नसते.

आज घरोघरी मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. रोलचा खर्च संपला. तरीही आपल्या फोटोंत काय असते ते एकदा तपासून पाहावे. स्वतःचे चेहरे, वाढदिवसाचे केक आणि सहलीचे फोटो. महाड-पोलादपूरची मंडळी सुंदर फोटो काढायचे म्हणून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जातात. ज्या महाबळेश्वरावर पडलेला पाऊस सावित्रीच्या रूपाने आपल्याच दारात येतो, तो मात्र दारात आल्यावर कुणी पाहत नाही.

प्रस्तुत लेखात आम्हाला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. कॅमेऱ्यामुळे आपल्या पाहण्यात काय फरक पडतो, महाड आणि पोलादपूर तालुक्यांत बारा महिने पाहण्यासारखे काय आहे, आणि अशा पाहण्यातून जी कृतज्ञता येते ती नेमकी कोणत्या जातीची असते.

पाहणे आणि नजर टाकणे

छायाचित्र म्हणजे प्रकाशाने काढलेले चित्र. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. अजिंठ्याची चित्रे वर्षानुवर्षे हाताने उतरवून घेणारे मेजर रॉबर्ट गिल पुढे कॅमेरा वापरू लागले. त्यांनी काढलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांचा ग्रंथ जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे बुद्धाच्या लेण्यांशी कॅमेऱ्याचे नाते जुने आहे.

कॅमेऱ्याचे तंत्र कितीही बदलले तरी एक गोष्ट बदललेली नाही. कॅमेऱ्यात सगळे मावत नाही. समोर पसरलेल्या दुनियेतून एक लहानसा चौकोन निवडावा लागतो. निवडायचे तर थांबावे लागते, आणि थांबले की दिसू लागते. एरवी आपण नजर टाकतो आणि पुढे जातो. आम्ही बँकेतली माणसे याचे चांगले उदाहरण आहोत. दोनशेची नोट दिवसातून शेकडो वेळा हाताखालून जाते. २०१७ सालापासून त्या नोटेच्या पाठीवर सांचीचा स्तूप छापलेला आहे. पण नोट न पाहता पाठीवर काय आहे असे अचानक विचारले, तर मोजणारा आणि घेणारा दोघेही क्षणभर अडखळतात. हात सराईत झाला की डोळा काम सोडून देतो. निसर्गाचेही तेच होते. जो डोंगर जन्मापासून समोर आहे, तो आपल्याला दिसतच नाही.

बौद्ध परंपरेत या संदर्भात एक सुंदर प्रसंग सांगितला जातो. संबोधीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात तथागत बोधिवृक्षासमोर उभे राहून त्याच्याकडे अनिमेष, म्हणजे पापणी न लववता, पाहत राहिले. बोधगयेत त्या जागेला अनिमेषलोचन असेच नाव आहे. या कथेत चमत्कार शोधण्याचे कारण नाही. ज्या झाडाने सावली दिली, त्या झाडाकडे एका माणसाने मान वर करून, वेळ देऊन पाहिले, एवढाच तिचा साधा अर्थ आम्ही घेतो. पाहणे हीच तिथे कृतज्ञता आहे.

बारा महिन्यांचे दर्शन

आपल्या भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. वर महाबळेश्वरला तो पाच हजारांच्या पुढे जातो. एवढ्या पाण्यावर उभा असलेला हा मुलूख दर महिन्याला रूप बदलतो. त्यासाठी लांब जावे लागत नाही.

मे महिन्याच्या शेवटी रात्री काजवे चमकू लागतात. त्याच सुमारास नवरंग हा रंगीत पक्षी रानात येतो आणि त्याची शीळ ऐकू आली की पाऊस जवळ आला हे जुनी माणसे ओळखतात. जूनमध्ये पहिल्या पावसाचे गढूळ पाणी पऱ्ह्याला येते. जुलैत खाचरांतून लावणी चालते. आवणातली कोवळी पोपटी रोपे, चिखलात उमटलेले आभाळ आणि त्यात वाकलेली माणसे हे चित्र काढताना एक भान ठेवावे. ती पाठ दिवसभर वाकलेली आहे. आधी विचारावे, मग फोटो काढावा, आणि नंतर त्यांना दाखवावा.

ऑगस्टमध्ये घराबाहेरही पडण्याची गरज नाही. पत्र्याच्या किंवा कौलाच्या पागोळ्या, अळूच्या पानावरचा थेंब, भिंतीवरचे शेवाळ, कुंपणाच्या तारेवर भिजून बसलेला बुलबुल, एवढे पुरे आहे. अळूच्या पानावरच्या एका थेंबात संपूर्ण घर उलटे दिसते. पुढे बांधावर तेरडा फुलतो, आणि सप्टेंबरात आंबेनळी घाटाच्या कडांवर सोनकी पिवळी होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, मळणी आणि उडव्या. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सावित्रीच्या खोऱ्यात धुके बसते आणि डोंगरांची टोके तेवढी वर राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने झडलेल्या काटेसावरीवर, पळसावर आणि पांगाऱ्यावर लाल-केशरी फुले येतात. त्या वेळी एका काटेसावरीखाली अर्धा तास उभे राहिले तर किती जातींचे पक्षी तिथे जेवून जातात ते मोजता येते. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा होतो आणि ओढ्याकाठी ताम्हण जांभळी होते. ताम्हण हे आपले राज्यपुष्प आहे, हे ती रोज पाहणाऱ्या पुष्कळांना माहीत नसते.

यात एक फायदा आमच्या अनुभवास आला. एखादे अनोळखी फूल किंवा पान दिसले की त्याचा फोटो काढून घरातल्या आजीला दाखवावा. जी आजी शाळेत गेली नाही, ती नाव सांगते, त्याची भाजी कशी करायची ते सांगते आणि ती कुठल्या दिवसांत उपाशी पोटाला उपयोगी पडली तेही सांगते. टाकळा, भारंगी, कुरडू, शेवळे, कंटोळी ही नावे आपल्या मुलांना पुस्तकातून मिळणार नाहीत. आपल्या आधीच्या पिढ्यांनी हा निसर्ग फोटोसाठी पाहिला नाही. त्यांनी तो डोक्यावरच्या मोळीतून, चुलीतून आणि पोटातून ओळखला. ती ओळख त्यांच्याबरोबर जाऊ नये, म्हणूनही कॅमेरा हाती घ्यावा.

पाण्याचे चित्र

महाडमध्ये कुणी पाण्याचा फोटो काढू लागला तर तो फक्त पाण्याचा राहत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले. प्रत्यक्षात ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ज्या परिषदेसाठी गावोगाव पायपीट केली, त्या परिषदेतून निघालेली माणसे डॉ. बाबासाहेबांच्या मागोमाग तळ्यावर गेली. पुढे या पाण्यावरचा खटला चालत राहिला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. म्हणजे ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षे लागली.

आता गांधारपाल्याच्या डोंगराकडे यावे. मुंबई-गोवा रस्त्याला लागून असलेल्या या डोंगरात सुमारे तीस लेणी आहेत. तिथे राजकुमार कानभोज विष्णुपालित याचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. त्यात लेणे, चैत्यगृह आणि आठ खोल्यांच्या दानाबरोबर दोन पोढींचा उल्लेख आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. लेण्यांच्या ओट्यावरून खाली महाड शहर आणि नदीचे खोरे दिसते. ज्या डोंगरावर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी पाणी दान म्हणून खोदून ठेवले, त्याच डोंगराच्या पायथ्याशी पुढे पाणी माणसाला बंद झाले. ओट्यावर उभे राहून काढलेल्या एकाच फोटोत या दोन्ही गोष्टी येतात. असा फोटो मुलांना दाखवून हे सांगितले, तर इतिहासाचा धडा वेगळा घ्यावा लागणार नाही.

चवदार तळ्याचेही असेच आहे. २० मार्चला तिथे गर्दी असते आणि सगळे पुतळ्यासोबत फोटो काढतात. ते योग्यच आहे. पण एखाद्या साध्या दिवशी सकाळी जाऊन तिथले पाणी पाहावे. वाऱ्याने उठलेली बारीक लाट, त्यात हलणारे आभाळ, काठावर टपून बसलेला खंड्या. हे पाणी सुंदर आहे असे म्हणण्याइतकी सवड आणि मोकळीक आपल्याला मिळाली, ती कुणामुळे, हे त्या वेळी आपोआप आठवते.

कृतज्ञता आणि उपकार

आमच्या बैठकींत काही तरुण कार्यकर्ते विचारतात की, आपल्या समाजाला कृतज्ञता कशाला शिकवता? शेकडो वर्षे आपल्याकडून कृतज्ञताच मागितली गेली. शिळ्या तुकड्याबद्दल, उतरलेल्या कपड्याबद्दल, वरून ओतलेल्या पाण्याबद्दल मान खाली घालून आभार मानायचे, हीच रीत होती. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन निसर्गसौंदर्यावर लिहिणे आम्हाला बरोबर वाटत नाही.

उपकारात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. देणारा हिशेब ठेवतो आणि कधी ना कधी वसुली करतो. निसर्गाच्या देण्यात असा कुणी वर बसलेला नाही. सावित्रीच्या पाण्याने कधी जात विचारली नाही. आंब्याच्या सावलीने विचारली नाही. विचारली ती माणसांनी. तेव्हा पाण्याबद्दल कृतज्ञ राहणे आणि पाणी अडवणाऱ्यापुढे वाकणे या दोन गोष्टी एक नव्हेत. चवदार तळ्यावर जमलेल्या लोकांनी हा फरक आपल्या कृतीतून दाखवला.

मंगलसुत्तात जी अडतीस मंगले सांगितली आहेत, त्यांत कृतज्ञता हे एक आहे. पालीत शब्द आहे कतञ्ञुता. त्याचा सरळ अर्थ, जे केले गेले आहे ते जाणणे. आभार मानणे हे त्याच्या नंतर येते. आधी जाणले पाहिजे, आणि जाणण्यासाठी पाहिले पाहिजे. आमच्या मते छायाचित्रणाचा खरा उपयोग इथे आहे. बँकेच्या खात्यात नावे आणि जमा अशा दोन बाजू असतात. आपण आयुष्याच्या खात्यात काय मिळाले नाही त्याची नोंद चोख ठेवतो आणि ती ठेवलीच पाहिजे, कारण तिच्यावर हक्काची मागणी उभी असते. पण दुसरी बाजू कोरी ठेवली तर खाते खोटे ठरते. काढलेला प्रत्येक फोटो ही त्या दुसऱ्या बाजूची एक नोंद असते.

आणि जाणल्यावर स्वस्थ बसता येत नाही. गिधाडांचे उदाहरण घ्या. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे देशभर गिधाडे मेली आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. महाडच्या ‘सिस्केप’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी गिधाडांची घरटी शोधून, त्यांची मोजदाद ठेवून रायगड जिल्ह्यात त्यांच्या रक्षणाचे काम उभे केले. ज्या पक्ष्याकडे लोक किळसवाणा म्हणून पाहत, तो गाव स्वच्छ ठेवतो हे कुणीतरी नीट पाहिले, म्हणून हे घडले. घाण साफ करणाऱ्याला घाण समजणे ही रीत आपल्या लोकांनी स्वतः सोसलेली आहे. म्हणून गिधाडाची बाजू आपल्याला लवकर समजावी.

डोंगर कोसळतो तेव्हा

निसर्गाचे गुणगान करणाऱ्याला आपल्या तालुक्यांत आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहनांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरसुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या आणि महाड शहर पाण्याखाली गेले. ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांना निसर्गाचे आभार माना असे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही आणि आम्हीही तसे सांगत नाही.

मात्र एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डोळसपणे पाहण्याची सवय इथेही उपयोगी पडते. उतारावर नवीन भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा नव्या जागी पाणी फुटणे, घराच्या भिंतीला एकाएकी तडे जाणे, ही दरड येण्याची लक्षणे मानली जातात. गावाच्या वरचा उतार दर महिन्याला एकाच जागेवरून, एकाच चौकटीत टिपून ठेवला आणि त्यावर तारीख घातली, तर झालेला बदल दाखवता येतो. “आम्हाला वाटते” या बोलण्यापेक्षा दोन तारखांचे दोन फोटो कचेरीत अधिक ऐकले जातात. अर्थात अतिवृष्टीत फोटो काढत बसू नये. लक्षण दिसताच माणसे हलवावीत, फोटो मागाहून.

काही व्यावहारिक सूचना

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास सर्वांत चांगला. भर दुपारी सावल्या काळ्या पडतात. पावसाळी ढगाळ उजेड मात्र दिवसभर मऊ असतो आणि फुलापानांचे रंग त्यात खरे येतात.

मोबाईलची काच रुमालाने पुसून घ्यावी. निम्मे फोटो बोटांच्या डागांमुळे धुरकट येतात. जे हवे त्यावर पडद्यावर बोट ठेवावे आणि उजेड किंचित कमी करावा, म्हणजे आभाळ पांढरे पडत नाही. पडद्यावर ओढून मोठे करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे.

ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ ठेवावा. वाहते पाणी रेशमासारखे यावे असे वाटत असेल, तर कॅमेरा दगडावर किंवा तिपाईवर टेकवून सेकंदाचा चौथा-आठवा भाग ठेवून पाहावा. आपल्या दमट हवेत भिंगाला बुरशी लवकर लागते. ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून हवाबंद डब्यात कॅमेरा ठेवावा.

सावित्रीच्या पात्रात महाडच्या आसपास मगरी आहेत. फोटोसाठी पाण्यात उतरू नये. घाटात वळणावर गाडी लावू नये. घरट्याजवळ जाऊ नये. फुलांच्या ताटव्यात पाय घालू नये. पावसाळ्यात हिरवळ आणि बारीक जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून भिक्खूंना तीन महिने एका जागी वर्षावास करण्याचा नियम घालून दिलेला आहे. फोटोसाठी बाहेर पडणाऱ्याने तो नियम निदान आपल्या पावलांपुरता पाळावा.

शेवटची सूचना अशी की, रोज एकच फोटो काढावा, आणि तो घरापासून हाकेच्या अंतरावरचा असावा. महिन्याच्या शेवटी त्यांतले चार निवडून कागदावर छापून घ्यावेत, मागे तारीख आणि गावाचे नाव लिहावे. मोबाईल बिघडतो, हरवतो, पुरात भिजतो. कागदावरचा फोटो घरात राहतो.

वर्षाच्या शेवटी अशा फोटोंचे एक लहानसे प्रदर्शन विहारात भरवता येईल. त्यात मुलांनी काढलेले फोटो असावेत आणि त्याखाली आजी-आजोबांनी सांगितलेली झाडांची, पाणवठ्यांची आणि शेतांची नावे असावीत. आपल्या आधीच्या पिढ्यांचे फोटो आपल्याकडे फारसे नाहीत. पण ज्या डोंगराखाली त्या राबल्या आणि ज्या पाण्यासाठी त्या चालल्या, तो डोंगर आणि ते पाणी अजून समोर आहे. पुढच्या पिढीच्या हाती ते नीट सोपवायचे असेल, तर आधी आपण ते नीट पाहायला हवे.